खाली बसा

सहा दिवस मी उभ्या विहिरीत असतो.
तारांना ग्रीस, रुळांना तेल,
चाळिसाव्या मजल्याचं दार नीट मिटतं का ते बघायचं.
माणसं वर जातात,
मी त्यांच्या जाण्याची डागडुजी करतो.
सातव्या दिवशी मला अशी जागा लागते
जिथे दाबायला बटण नाही.

अबुधाबीत तशा जागा आहेत.
इलेक्ट्रा रस्त्यामागे, दोन इमारतींच्या फटीत
एक बाग आहे : चार झोपाळे, अकरा कडुनिंब.
दुपारी चारनंतर तिथे सावली पडते ती इमारतीची,
झाडांची नव्हे.
पडू दे. सावलीला कुठे जात असते.

मुश्ताक परकार म्हणतो, बाग कसली, कुंडी आहे ती.
त्याला बंदरावरचा मासळीबाजार लागतो.
घेत काहीच नाही,
हमूरचे भाव ऐकत नुसता फिरतो
आणि सुट्टी वसूल झाल्याच्या तोंडाने
खोलीवर येतो.

माझा बाक कॉर्निशवर.
बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या टपरीपुढचा तिसरा,
ज्याची एक फळी नवी आहे, बाकीच्यांहून फिकी.
सुट्टी पूर्वी शुक्रवारची होती, आता रविवारची झाली.
बाकाला ते कुणी कळवलेलं नाही.

त्या रविवारी फोन वाजला.
लिफ्टमधली घंटा चुकून माझ्याच नंबराला जोडलेली.
डिफेन्स रोडची जुनी इमारत,
बारा आणि तेराच्या मध्ये एक बाई.
नाव मारिसेल. इंग्रजी माझ्यासारखंच, मोडकं,
पण माझ्याहून जरा बऱ्या ठिकाणी मोडलेलं.
ड्यूटीवरचा गुणतिलक मुसफ्फाहून निघाला होता
आणि पुलावर अडकला होता.

हवा संपेल का, तिने विचारलं.
नाही, म्हटलं, लिफ्टला फटी असतात.
तिला ते पटलं नाही.
खाली बसा, म्हटलं. आधी खाली बसा.
तांदळाच्या पिशवीवर बसले, म्हणाली.
मग बराच वेळ नुसता श्वास.
मग : तुमच्याकडे तो आवाज कसला?
समुद्र.
सांगा, म्हणाली.

आता मला कुठे बोलता येतं.
मोटारचा बिघाड असता तर सांगितला असता.
म्हणून समोर जे होतं तेच वाचत गेलो :
बापाच्या शर्टाचं टोक धरून चाकांवर उभा एक पोरगा,
पडत नाही, पुढेही जात नाही.
चिमट्याने साली उचलणारा सिल्हेटचा माणूस,
एका मांजरीशी त्याचं काहीतरी जुनं भांडण.
चटईवर दोन म्हातारे पठाण,
मध्ये थर्मास, आणि दोघेही गप्प.
पाणी गुडघाभर आत गेलंय,
ओली वाळू लादी पुसल्यासारखी.
किती पायऱ्या उतरायच्या, तिने विचारलं.
एकही नाही, मी म्हटलं. रस्ता ओलांडला की झालं.
बाकाची खूण विचारली. फिकी फळी सांगितली.

सत्तावीस मिनिटं.
मग पलीकडे खटका पडला.
तो आवाज मी झोपेतही ओळखतो.
फोन कट झाला, आभार वगैरे काही नाही.
दार उघडल्यावर कोण थांबतं बोलायला.

प्रत्येक लिफ्टच्या पाठीमागे एक वजन असतं.
आतल्याला ते कधी दिसत नाही.
तो वर जातो तेव्हा ते खाली येतं,
तेवढंच त्याचं काम.

हल्ली मी बाकाच्या एका टोकाला बसतो.
वाट बघतो असं नाही.
परवा एक बाई आली, दुसऱ्या टोकाला बसली,
चपला काढल्या, पाय लांब केले,
चांगला अर्धा तास पाणी बघत राहिली.
मी काही विचारलं नाही.
चहाचा कागदी कप तेवढा
आमच्या मधून उचलून
माझ्या बाजूला ठेवला.